फ्लोरिन : दातावरचं आणि औषधातलं



वर्गात हॅलोजन आले की फ्लोरिनबद्दल मुलं एकच गोष्ट सांगतात, पाण्यात जास्त झालं की दात खराब होतात. बरोबरच आहे. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या काही गावांनी ते भोगलंय. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्यापुढे वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं की आधी दात आणि मग हाडं धरतात.

पण मग सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळीत फ्लोरिन कसं चालतं? हा प्रश्न मुलांनी विचारलाच पाहिजे. नाही विचारला तर आपण विचारावा.

पाण्यातला फ्लोराइड आयन मोकळा असतो. कॅल्शियम दिसलं की तो तिकडे धावतो, म्हणून दात आणि हाडं. गोळीतलं फ्लोरिन मात्र कार्बनला बांधलेलं असतं, आणि कार्बनच्या एकेरी बंधांत हा बंध सर्वांत मजबूत. सहजासहजी तुटत नाही. शिवाय फ्लोरिनचा अणू लहान, हायड्रोजनपेक्षा थोडासाच मोठा. त्यामुळे रेणूतला एक हायड्रोजन काढून तिथे फ्लोरिन बसवलं, तरी शरीराला तो रेणू ओळखीचाच वाटतो.

याच फसवणुकीवर चार्ल्स हायडेलबर्गर या रसायनशास्त्रज्ञाने काम केलं. जन्म १९२० चा, न्यूयॉर्कचा. हार्वर्डमधून पीएच.डी. घेऊन ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात आले आणि बरीच वर्षं तिथेच शिकवत, संशोधन करत राहिले. १९५४ मध्ये इतर संशोधकांना दिसलं होतं की उंदराच्या यकृतातली गाठ निरोगी यकृतापेक्षा युरॅसिल जास्त वापरते. युरॅसिल म्हणजे आरएनएचा एक घटक. पेशीला डीएनएसाठी थायमिन लागतं, तेही याच्यापासूनच तयार होतं. हायडेलबर्गर यांनी विचार केला, गाठीला युरॅसिलची एवढी हाव आहे ना, मग त्यातच खोट घालू. पाचव्या कार्बनवरच्या हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन. रेणू तयार करायला औषध कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ सोबत होते. १९५७ साली शोधनिबंध आला. औषधाचं नाव ५-फ्लुरोयुरॅसिल.

आत काय घडतं ते मुलांना असं सांगता येईल. थायमिन बनवणाऱ्या विकराला तो पाचव्या कार्बनवरचा हायड्रोजन काढून टाकायचा असतो. तिथे फ्लोरिन बसलंय, ते निघत नाही. किल्ली कुलपात गेली खरी, पण फिरतही नाही आणि बाहेरही येत नाही! कुलूपच निकामी. थायमिन नाही म्हणजे नवा डीएनए नाही, आणि भराभर वाढणारी पेशी अडते. (केमोथेरपीत तोंड येतं ते का, हेही इथेच कळतं. तोंडातल्या, आतड्यातल्या पेशीही भराभर वाढणाऱ्याच.) आतड्याच्या कर्करोगावर हे औषध आजही देतात. आपल्याकडचे रुग्ण छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जातात, त्यांच्यापैकी कुणाच्या कागदावर हे नाव दिसू शकेल. हायडेलबर्गर स्वतः १९८३ मध्ये कर्करोगानेच गेले.

आता जवळचं उदाहरण. आपल्या बीडच्या शेजारी, छत्रपती संभाजीनगरमधल्या वोक्हार्टच्या संशोधन केंद्रात लिवोनाडिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक विकसित झालं. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंवर ते चालतं. २०२० मध्ये भारतात मंजुरी मिळाली. हेही सिप्रोफ्लॉक्सासिनच्याच घराण्यातलं, फ्लोरिनवालं. मराठवाड्यातल्या मुलांना हे माहीत असायला हवं, असं मला फार वाटतं.

या घराण्याबद्दल पालकांशी थोडं स्पष्टच बोलते. जुलाब लागले की घरात उरलेली ऑफ्लॉक्सासिनची अर्धी गोळी लेकराला द्यायची, हे आपल्याकडे सर्रास चालतं. ऊसतोडीच्या कोपीवर तर दवाखाना लांब, म्हणून जास्तच. ही औषधं वाढत्या मुलांना डॉक्टर सहसा टाळतात, कारण प्राण्यांवरच्या प्रयोगांत सांध्यांच्या कूर्चेला इजा दिसली होती. आणि अर्धवट, मनाने घेतलेल्या डोसमधून चिवट जंतू वाढतात, ज्यांच्यासाठी मग नवं औषध शोधत बसावं लागतं. जुलाबात आधी मीठ-साखर-पाणी किंवा ओआरएस, आणि मग डॉक्टर.

वर्गासाठी उपक्रम सोपा आहे. मुलांना घरातल्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांवरची नावं लिहून आणायला सांगा, पाकिटं नकोत. 'फ्लु' किंवा 'फ्लॉ' दिसलं तर बहुधा आत फ्लोरिन. फ्लुकोनाझोलमध्ये दोन अणू आहेत. पण आजोबांची साखरेची सिटाग्लिप्टिनची गोळी असेल तर तीही लिहायला लावा. नावात कुठेच फ्लोरिन नाही, आणि एका रेणूत मात्र सहा अणू!