हळूहळू की टप्प्याटप्प्याने?

पहिल्या सत्रात सरावाच्या तक्त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, पिट्ठूचं वजन 'ग्रॅज्युअली' वाढवा. मी अर्थ लावला, हळूहळू, म्हणजे सावकाश. पहिल्याच दिवशी पूर्ण वजन भरलं आणि सावकाश चाललो. गुडघा सुजला. आठवडाभर मैदानाबाहेर बसावं लागलं.

त्या आठवड्यात ग्रंथालयात इंग्रजी-लॅटव्हियन शब्दकोश हाती आला. लॅटव्हिया हा बाल्टिक समुद्राकाठचा देश. त्याची भाषा इंग्रजी-मराठीच्याच इंडो-युरोपीय कुळातली. तिथे माझी चूक उलगडली.

१) स्लोली : लॅनाम. 'लॅन्स' म्हणजे संथ. हा शब्द वेग सांगतो. मराठीत 'सावकाश'.

२) लिटल बाय लिटल : पमज़ाम. 'मज़' म्हणजे थोडं. हा शब्द प्रमाण सांगतो. मराठीत 'थोडं थोडं'.

३) ग्रॅज्युअली : पकापेनिस्की. 'पकापे' म्हणजे पायरी, श्रेणी. सैन्यातल्या हुद्द्यालाही लॅटव्हियनमध्ये हाच शब्द. इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही लॅटिन 'ग्रॅडुस' आहे, म्हणजे पाऊल, पायरी. मराठीत 'टप्प्याटप्प्याने'.

आपलं 'हळूहळू' हे तिन्ही अर्थ पोटात घेतं, म्हणूनच फसवतं. गप्पांत चालेल, सूचनेचा अर्थ लावताना नाही. लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर हे हुद्दे नुसतं सावकाश चालून मिळत नाहीत. एकेक पायरी चढावी लागते.

आता मी पिट्ठूत आठवड्याला एकच किलो वाढवतो. चालतो मात्र झपझप.

स्वाध्याय : 'मी हळूहळू सुधारतोय' असं घरी कळवायचं आहे. तिन्हींपैकी कोणता शब्द खरा ठरेल?