आकाशकंदील आणि विजेचा धडा



दिवाळी जवळ आली म्हणजे पनवेलच्या बाजारांत तयार आकाशकंदील टांगलेले दिसतात. नाताळांत त्यांची जागा कागदी तारे घेतात. आपण ते विकत आणतों, दाराशीं लावतों आणि आंतील दिवा बंद पडला कीं सगळेंच टाकून देतों. तो कां बंद पडला, हें पाहण्याची इच्छाही आपणांस होत नाहीं. या उदासीनतेमुळें दोन विद्या आपल्या हातून जात आहेत: कामट्या व पतंगी कागद यांतून सुंदर आकार उभा करण्याची कला, आणि विजेचा मार्ग ओळखण्याचें शास्त्र. या दोन्ही एकाच बैठकींत शिकतां येतात, हें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

हाताच्या कामांतून शिक्षण ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाहीं. शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें विज्ञान आश्रम स्थापन केला. शाळेंत न रमलेलीं खेड्यांतील मुलें तेथें शेती, बांधकाम व वीजजोडणी प्रत्यक्ष करून शिकूं लागलीं. अरविंद गुप्ता यांनीं आगकाड्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे व टाकाऊ वस्तु यांतून खेळणीं रचून मुलांस विज्ञान शिकविलें. पुण्याच्या 'आयुका' संस्थेंत त्यांचें हें कार्य अनेक वर्षें चाललें.

आतां आपल्या आळींत अशीच एक कार्यशाळा भरली आहे, असें समजा. आजोबांनीं कामट्या तासाव्या, आईनें खळ शिजवावी व मुलांनीं दिवे जोडावे. प्रत्येकाजवळ तीन व्होल्टची नाण्यासारखी चपटी बॅटरी, तांब्याची चिकटपट्टी आणि एल्. ई. डी. नांवाचे चिमुकले दिवे असावे. या दिव्यास दोन पाय असतात. लांब पाय बॅटरीच्या धन बाजूस व आंखूड पाय ऋण बाजूस जोडावा. उलट जोडल्यास दिवा लागत नाहीं. कारण तो विजेस एकाच दिशेनें वाट देतो.

प्रथम एक पांढरा दिवा लावा. नंतर त्याच दोन पट्ट्यांवर शेजारीं लाल दिवा जोडा. लाल दिवा लागेल, परंतु पांढरा मंदावेल किंवा विझेल. 'पांढरा बिघडला', असें पुष्कळांस वाटेल. लाल दिवा काढून पाहा: पांढरा पुन्हां लख्ख! लाल दिव्यास सुमारें दोन व्होल्ट पुरतात, पांढऱ्यास सुमारें तीन लागतात. लाल दिवा त्या लहान बॅटरीचा दाब आपल्या पातळीपर्यंत उतरवितो आणि पांढऱ्यास पुरेसा दाब उरत नाहीं.

आतां लाल दिवा हिरव्या कागदामागें धरा. कागद काळवंडलेला दिसेल, कारण हिरवा कागद लाल प्रकाश बहुतेक अडवितो. पांढऱ्या दिव्यानें मात्र तोच कागद उजळतो. कोणत्या कागदामागें कोणता दिवा शोभेल, हा प्रश्न चित्रकाराचा कीं शास्त्रज्ञाचा? येथें दोघांसही एकमेकांवांचून उत्तर सांपडत नाहीं.

दोन सूचना मात्र कडकपणें पाळाव्या. घरांतील २३० व्होल्टच्या विजेशीं हे प्रयोग कधींही करूं नयेत. तसेंच चपटी बॅटरी लहान भावंडांच्या हातीं लागूं देऊं नये. ती गिळली गेल्यास अन्ननलिकेस गंभीर इजा होते.

अशा बैठकींत एखाद्याचा कंदील हटकून लागत नाहीं. त्यानें खिन्न होऊं नये व इतरांनीं हंसूं नये. बॅटरी तपासावी, दिव्याचे पाय पाहावे, पट्टीचे सांधे दाबून पाहावे. एक एक शंका अशी दूर केली म्हणजे दोष सांपडतोच. ज्याचा दिवा प्रथमच लागला त्याच्यापेक्षां यानेंच अधिक विद्या घरीं नेली, असें समजावें. म्हणून यंदा बंद पडलेला कंदील फेंकण्यापूर्वीं, मित्रहो, तो एकदां उघडून पाहा.