‘त्सारा’ : संकट म्हणजे अडचणीची जागा



पुनरुत्थान रविवारच्या मिस्सामध्ये आपण स्तोत्र ११८ गातो. या स्तोत्राच्या पाचव्या वचनात भक्त सांगतो की, आपण संकटात प्रभूचा धावा केला आणि प्रभूने आपले ऐकले. वचन ओळखीचे असल्याने आपण ते चटकन म्हणून पुढे जातो. परंतु मूळ हिब्रू शब्द पाहिले तर या प्रार्थनेचा अर्थ अधिक खोलवर उमगतो.

हिब्रू भाषेत संकटाला ‘त्सारा’ म्हणतात. ‘त्सार’ म्हणजे अरुंद, चिंचोळे. त्यावरून हा शब्द आला आहे. हा शब्द मुळात रोजच्या वापरातला आहे. बलामाची गाढवी उजवीकडे वा डावीकडे वळता येणार नाही अशा वाटेत अडकली, ती जागा ‘त्सार’ होती (गणना २२:२६). संदेष्ट्यांच्या शिष्यांना राहती जागा अपुरी पडू लागली, तेव्हा ती ‘त्सार’ झाल्याचे त्यांनी अलीशाला सांगितले (२ राजे ६:१). अशी कोंडी जिवाची झाली की ती ‘त्सारा’.

मराठी बायबलमध्ये यासाठी ‘संकट’, ‘क्लेश’ असे शब्द येतात. ‘संकट’ हा शब्द अगदी चपखल आहे. संस्कृतमध्ये त्याचा एक अर्थ ‘अरुंद, दाटीचा’ असाच आहे. आपण तो विसरलो इतकेच. आपल्या बोलीतला ‘अडचण’ हा शब्दही तसाच आहे. सामानाने भरलेल्या खोलीला आपण अडचणीची खोली म्हणतो आणि हातात पैसा नसला की माणूस अडचणीत आहे असेही म्हणतो. ग्रीक भाषेत यासाठी ‘थ्लिप्सिस’ म्हणजे दाबले जाणे, असा शब्द आला. लॅटिनमध्ये ‘त्रिबुलात्सियो’ आला. त्याच्या मुळाशी धान्य मळण्याचे अवजार आहे. भाषेगणिक चित्र बदलले, वेदना तीच राहिली.

आता पाचवे वचन पुन्हा पाहू. तेथे संकटासाठी ‘मेत्सार’, म्हणजे चिंचोळी जागा, हा शब्द आहे. आणि देवाच्या उत्तरासाठी ‘मेरहाव’, म्हणजे ऐसपैस, मोकळी जागा. भक्ताने अडचणीच्या जागेतून हाक मारली आणि देवाने त्याला मोकळ्या जागेत उत्तर दिले. स्तोत्र ४ च्या पहिल्या वचनातही हीच जोडी आहे. देवाची मदत म्हणजे कोंडलेल्या जिवाला श्वास घ्यायला जागा मिळणे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आजारपण, कर्ज किंवा घरातील भांडण यांनी जीव गुदमरला की काही जण म्हणतात, “याचा विश्वासच कमी पडला.” स्तोत्रकार असे म्हणत नाही. त्याची हाक अरुंद जागेच्या आतूनच निघते आणि देव ती ऐकतो. कोंडी होणे हे अविश्वासाचे लक्षण नाही.

वल्हांडणाच्या भोजनावेळी यहुदी लोक स्तोत्रे ११३ ते ११८ म्हणतात. शेवटच्या भोजनानंतर येशू व शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे गेले (मत्तय २६:३०). ते गीत याच स्तोत्रांपैकी असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यानंतर गेथशेमाने आले, क्रूस आला आणि शेवटी दगड लावलेली कबर आली. प्याला टळला नाही. परंतु पित्याने ती कबर उघडली. म्हणूनच संत पौल लिहू शकला की, आम्हांवर चोहोंकडून दाब येतो, तरी आमची पुरती कोंडी होत नाही (२ करिंथ ४:८).

या शब्दाची दुसरीही बाजू आहे. योसेफाला खड्ड्यात टाकून त्याचे भाऊ जेवायला बसले. पुढे मिसर देशात स्वतः अडकल्यावर त्यांनी कबूल केले की, भावाच्या जिवाचा ‘त्सारा’ आपण पाहिला पण ऐकले नाही, म्हणून हा ‘त्सारा’ आपल्यावर आला (उत्पत्ती ४२:२१). दोन्ही ठिकाणी शब्द एकच आहे. आपण दुसऱ्याची कोंडी करतो, किंवा पाहूनही गप्प बसतो, तेव्हा आपण त्या खड्ड्याच्या काठावर बसून जेवत असतो.

या आठवड्यात दोन प्रश्नांवर मनन करू या :

१. माझी ‘अडचणीची जागा’ कोणती? तेथूनच मी देवाला हाक मारतो का?

२. माझ्या घरात, शेजारात, धर्मग्रामात कोणाची कोंडी झाली आहे? त्याच्यासाठी मी थोडी जागा कशी करू शकेन?

प्रार्थना : हे प्रभू, आमचा जीव कोंडला असता आम्हांला मोकळी जागा दे, आणि आमच्यामुळे कोणाचाही जीव कोंडू देऊ नकोस. आमेन.