आधी शेण, मग गांडुळं

गांडूळखत करायचं ठरलं की बहुतेक जण आधी किलोभर गांडुळं आणतात आणि मग ती ठेवायची कुठे, याची शोधाशोध सुरू करतात. पुण्या-नाशकात हा उलटा क्रम एखाद वेळी खपून जात असेल. आमच्या म्हसावदात खपत नाही. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, चैत्र लागला की पारा चाळिशीच्या वर. आणि बाजारात सहसा मिळणारं ते लाल गांडूळ, आयसेनिया फेटिडा, साधारण १५ ते ३० अंशांत सुखी असतं. बेडच्या आतलं तापमान ३५च्या वर गेलं की ते पळून तरी जातं, नाही तर मरतं.

आमचा पहिला बेड माहितीपत्रकाबरहुकूम होता. विटांचा, तीन फूट रुंद, वर सावली. फाल्गुनापर्यंत सगळं छान चाललं. सावली होती ती पत्र्याची, आणि एप्रिलमध्ये पत्रा काय करतो ते खानदेशात कुणाला सांगायला नको. सकाळी भिजवलेलं बारदान दुपारी कडक वाळायचं. आठवडाभराच्या उन्हात बेड संपला. जी थोडी वाचली ती तळाशी, जमिनीला लागून. पत्रकात ‘सावलीत ठेवा’ एवढंच लिहिलेलं होतं, ते चुकीचंही नव्हतं. आता बेड निंबाखाली आहे, वर उसाच्या पाचटाचं जाड छप्पर, त्याखाली दुहेरी ओलं बारदान, आणि उन्हाळ्यात पाणी दोनदा, सकाळी आणि दिवस मावळल्यावर. मूठभर खत दाबलं तर हात ओला व्हावा, एखाद-दुसरा थेंब पडावा. धार लागली तर पाणी जास्त झालं.

सुरुवात दसऱ्यानंतर करा. गांडुळाच्या एका कोशातून दोन-चार पिल्लं निघतात आणि ती अंडी घालण्याजोगी व्हायला दोनेक महिने लागतात. हिवाळा हाती असला तर होळीपर्यंत संसार वाढलेला असतो. उन्हाळ्यात काही गेली तरी बी शिल्लक राहतं.

शेणाची गोष्ट उन्हाएवढीच महत्त्वाची. ताजं शेण आतून तापतं, इतकं की ढिगात हात ठेववत नाही. पंधरा-वीस दिवस पाणी मारत, उलथत ते निववायचं. एवढं करूनही मी एका घमेल्यात थोडं शेण घेऊन पाच-दहा गांडुळं रात्रभर सोडून बघते. सकाळी ती आत शिरलेली असली तर शेण तयार. काठावर चढून बसली असली तर अजून थांबायचं. गुरांना जंताचं औषध पाजलं असेल त्या दिवसांतलं शेण मी घेत नाही.

स्वयंपाकघरातलं सगळं चालतं, हा आणखी एक गैरसमज. आपल्याकडे रश्शाला तर्री आणि भाजीला मिरची. तेल-मिठाचं उष्टं बेडमध्ये गेलं की वास सुटतो आणि मुंग्यांना आमंत्रण मिळतं. मिरचीचे देठ, कांदा-लसणाची टरफलं, लिंबाच्या साली यांच्यापासून गांडुळं लांब पळतात. पपईच्या साली आणि केळीच्या खोडाचे तुकडे मात्र त्यांना फार आवडतात, आणि शहादा तालुक्यात या दोन गोष्टींना तोटा नाही. पपईच्या बिया तेवढ्या काढून टाका. गांडूळखताचा ढीग तापत नाही, त्यामुळे बी मरत नाही. आमच्या मेथीच्या वाफ्यात एका वर्षी मेथीपेक्षा टोमॅटो आणि डांगराचीच रोपं जास्त उगवली होती.

कोंबड्या ज्यांच्या घरी आहेत त्यांनी जाळी आधी बसवावी. टबात गांडुळं पाळत असाल तर टबाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, लाल मुंग्या चढत नाहीत. पावसाळ्यात पागोळ्या बेडवर पडू देऊ नका. आत पाणी साचलं की गांडुळं रातोरात बाहेर निघतात.

परसबागेत हे खत घालताना हात आखडता हवा. कुंडीत फार तर चौथा हिस्सा, वांग्या-गिलक्याच्या आळ्यात दोन-तीन ओंजळी, वर पालापाचोळा. टबाखाली गळणारं काळं, वासाचं पाणी म्हणजे व्हर्मीवॉश समजून पालेभाजीवर फवारू नका. ते दहापट पाण्यात मिसळून फळझाडाच्या बुडाशी द्यावं. आमच्या काळ्या मातीत वाफे उंच केले नाहीत तर श्रावणात मुळं कुजतात; तिथे गांडूळखत काही करू शकत नाही. आणि बेडमधली गांडुळं शेतात सोडून जमीन सुधारेल ही आशा सोडा. ही शेणात, पाल्यात राहणारी जात. वैशाखात भेगाळलेल्या मातीत तिचा निभाव लागत नाही. डार्विनने १८८१च्या पुस्तकात जमीन उलथणाऱ्या ज्या गांडुळांचं कौतुक केलं, ती मातीत बिळं करणारी, वेगळी.

आता पैशाचं. ‘बेड घ्या, गांडुळं घ्या, वाढलेली आम्हीच परत विकत घेऊ’ असं सांगणारी माणसं गावोगाव येतात. माझा प्रश्न एकच असतो: तुम्ही घेतलेली गांडुळं पुढे कुणाला विकता? उत्तर ‘नव्या सभासदांना’ असलं की चहा पाजून निरोप द्यावा. सांगली जिल्ह्यात २०१९ मध्ये कडकनाथ कोंबड्यांच्या अशाच परत-खरेदीत किती शेतकरी बुडाले, ते आपण वाचलेलं आहे. घरच्या बागेला मुळात किती लागतं? एक किलोत हजाराच्या आसपास गांडुळं भरतात आणि दिवसाला ती निदान अर्धा किलो खातात. चौघांच्या घरातून रोज निघणारा ओला कचरा साधारण तेवढाच. म्हणजे किलोभर पुरे, तेही विकत घ्यायलाच हवं असं नाही. ज्यांचा बेड जुना आहे त्यांच्याकडून दोन ओंजळी मागून आणा, त्यांच्याच अर्धकुजल्या शेणासकट, ओल्या फडक्यात, संध्याकाळच्या वेळी. आमच्याकडेही मिळतात, फक्त होळी ते मृग या दिवसांत मागू नका.