कित्ता गिरवल्याने हात बिघडतो का?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. किमोनो नेसलेल्या जपानी स्त्रीचं एक बारीक तपशिलांचं जुनं चित्र ती बघून काढते आहे. पेन्सिलीत सगळं जुळतं, पण रंगवलं की चेहरा दुसऱ्याच कुणाचा तरी दिसतो. शेजारचे म्हणतात, नकलेने हात बिघडतो. तिला थांबवू का?
– एक वाचक, भोर

उत्तर : थांबवू नका. आधी चेहऱ्याचं बघू.

पेन्सिलीत जुळलेलं रंगात बिघडतं, म्हणजे चूक रंगवण्यात आहे. शाळेत माठ, चेंडू काढताना एका बाजूला छाया द्यायला शिकवतात. मुलीने तीच छाया नाकाशेजारी आणि गालावर दिली असणार. अशी पुष्कळ जुनी जपानी चित्रं लाकडी ठशांनी छापत. रेघांचा ठसा वेगळा, प्रत्येक रंगाचा वेगळा. १७६५च्या सुमारास सुझुकी हारुनोबू या चित्रकाराच्या काळात अशी बहुरंगी छपाई बहरली. त्यात चेहरा सपाट असतो, नाक-ओठ-हनुवटी एकट्या रेघेवर उभी असतात. रेघेने सांगितलेलंच छाया पुन्हा सांगू लागली की चेहरा जड होतो.

म्हणून छाया काढून टाकायची. पोस्टर कलर सपाट लावायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि रेघा शेवटी बारीक गोल ब्रशने, शाईत. ब्रश दाबला की रेघ जाड, उचलला की बारीक. बाहीच्या चुण्यांचा सगळा डौल या दाबात आहे, आणि पेन्सिलीच्या एकसारख्या रेघेत तो सापडत नाही.

डोळे तरीही फसत असतील तर मूळ चित्र उलटं ठेवून काढायला सांगा. सुलट चेहरा बघताना आपण ओळखीचा डोळा काढतो, समोरचा नाही. उलटं ठेवलं की ओळख मोडते, उरतात फक्त वळणं आणि अंतरं.

एक सावधगिरी. ट्रेसिंग पेपर उलटून छाप घेऊ नका. किमोनोत नेसणाऱ्याची डावी बाजू उजवीवर येते. उलट नेसवतात ते मृताला!

आता शेजाऱ्यांचं म्हणणं. आपल्याकडे अक्षरसुद्धा कित्ता गिरवून वळतं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रं उतरवत होते. पुढे १९१७-१८मध्ये आराई कांपो हा जपानी चित्रकार त्याच कामासाठी अजिंठ्याला आला. ज्याच्या देशाचं चित्र भोरची मुलगी गिरवते आहे, तो आपल्या लेण्यांत बसून आपली माणसं गिरवत होता. मला ही देवघेव फार मोलाची वाटते.

बिघडतो तो नुसतं ट्रेस करणारा हात, कारण त्यात डोळ्याला मोजावं लागत नाही. दोन-तीनदा बघून काढल्यावर मूळ चित्र झाकून आठवणीने काढू द्या. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेतल्या स्मरणचित्रालाही हाच सराव कामी येईल. मग तिला नीरा नदीच्या घाटावर न्या. नऊवारीच्या काष्ट्याच्या चुण्या त्याच ब्रशने, तशाच जाड-बारीक रेघेत, छाया न देता काढायला सांगा.