तरंग आणि समुद्र : संगत कुणाची धरायची?



आजच्या चिंतनासाठी नारद भक्तिसूत्रांतली ४३, ४४ आणि ४५ ही तीन सूत्रं घेऊ. अख्खा ग्रंथ ८४ सूत्रांचा, पण यातलं एकेक सूत्र आठवडाभर पुरतं. ४३व्या सूत्रात नारद म्हणतात, वाईट संगत सर्व प्रकारे सोडावी. ४४व्यात कारण देतात: तिच्यातून काम, क्रोध, मोह येतात, मग स्मृती जाते, बुद्धी जाते आणि शेवटी सगळंच जातं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले ६२-६३ श्लोक इथे आठवतात. पण मला सगळ्यात जास्त लागलं ते ४५वं सूत्र. हे विकार येतात तेव्हा पाण्यावरच्या तरंगाएवढे असतात, संगतीने त्यांचा समुद्र होतो.

स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी मी गंगाखेडहून पुण्याला आलो, तेव्हा रूमवरची पोरं काही वाईट नव्हती. व्यसन नाही, भांडण नाही. फक्त संध्याकाळी सहाला कुणीतरी म्हणायचं, "चल रे, पाच मिनिटांत येऊ चहा घेऊन." तो चहा आठला संपायचा. एकदा नाही म्हणून पाहिलं, तर लगेच टोमणा आला, "लै शाणा झालास का?" त्या एका वाक्याला घाबरून मी जवळजवळ दोन वर्षं रोजची संध्याकाळ घालवली. घरून फोन आला की "अभ्यास चालूय" म्हणायचो. तिकडे वडील दर महिन्याला पैसे पाठवत होते, कसे ते मी कधी विचारलं नाही. पाच मिनिटं हा तरंगच होता ना?

आमचं गंगाखेड हे परभणी जिल्ह्यातलं गोदावरीकाठचं गाव, संत जनाबाईंचं गाव. लहानपणापासून नाव ऐकतो, पण तिच्याकडे या नजरेने कधी पाहिलं नव्हतं. परंपरेनुसार तिच्या वडिलांनी लहानपणीच तिला पंढरपुरात दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या वडिलांच्या घरी ठेवलं. हे घर तिने निवडलं नव्हतं. वाट्याला दळण-कांडण, धुणी-भांडी, शेणगोठा. पण त्याच घरात कीर्तन होतं, संतमंडळींची ये-जा होती, आणि त्यातलं काय उचलायचं ते तिने ठरवलं. अभंगासाठी तिला वेगळा वेळ कुणी दिला नाही. जात्यावर बसल्या बसल्याच तिने नाम घेतलं. लोक काय म्हणतील याची तिने किती पर्वा केली, ते तिचे अभंग वाचले की कळतं! आज तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत, आणि नामदेवांच्या गाथेसोबत ते जपले गेले. स्वतःला नामदेवांची दासी म्हणवणाऱ्या बाईचे शब्द तिच्या संगतीने सांभाळले.

मग चांगली संगत म्हणजे नेहमी पाठ थोपटणारी मंडळी का? इथे खुद्द नामदेवांचीच गोष्ट बघा. संत जमले होते. मुक्ताईने गोरोबाकाकांना विचारलं, मडकी तपासायच्या तुमच्या थापटण्याने इथली कच्ची-पक्की मडकी ओळखाल का? गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटत गेले. बाकीचे गप्प बसले, नामदेव मात्र चिडले. गोरोबांनी निकाल दिला: हे मडकं कच्चं. नामदेव तडक विठ्ठलाकडे तक्रार घेऊन गेले. आपल्या लाडक्या भक्ताची बाजू देव घेईल असं वाटलं असणार. पण विठ्ठलानेही तेच सांगितलं आणि गुरू करायला विसोबा खेचरांकडे औंढ्या नागनाथला धाडलं. (हे औंढा १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आमच्याच परभणी जिल्ह्यात होतं, म्हणून थोडा अभिमान!)

मला या गोष्टीत थापटण्यापेक्षा पुढचा भाग मोठा वाटतो. "तू कच्चा आहेस" म्हणणारे खूप असतात, रूमवरही होते. पण कच्चा आहेस, आणि आता अमुक ठिकाणी जा, म्हणजे पक्का होशील, हे सांगणारे किती? आणि नामदेव रुसले तरी शेवटी गेले. ती मंडळी त्यांनी सोडली नाही.

नारद 'सर्व प्रकारे' सोडा म्हणतात, पण भांडून सोडा असं म्हणत नाहीत. मी काय केलं ते सांगतो. सहाला रूमवर थांबणंच बंद केलं. साडेपाचलाच अभ्यासिकेत जाऊन बसायचो. ग्रुप म्यूट केला. रविवारचा चहा मात्र सोबत घेतला, कारण माणसं आपलीच होती. आठ-दहा दिवस टोमणे झाले, मग त्यांचाही कंटाळा आला. अभ्यासिकेत शेजारी बसणारा एक दादा माझं उत्तर वाचून सरळ म्हणाला, "यात मुद्दाच नाही, परत लिही." त्या दिवशी राग आला होता. आता दर शनिवारी वही घेऊन त्याच्याकडेच जातो.

परीक्षा अजून निघालेली नाही. परवा मात्र वडिलांना फोनवर खरं खरं सांगितलं, ती दोन वर्षंसुद्धा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "जेवलास का?"

उद्या ४६वं सूत्र घेऊ. माया कोण तरून जातो, हा प्रश्न नारद तिथे दोनदा विचारतात, आणि उत्तराची सुरुवात संगापासूनच करतात.

राम कृष्ण हरी!