तुंगार्लीचा पाऊस आणि खिडकीतला एसी

लोणावळ्यात एसी कशाला हवा, असं पुण्या-मुंबईची माणसं हमखास विचारतात. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांच्या वरचं गाव, थंड हवेचं ठिकाण, रात्री पांघरूण लागणार. पण मे महिन्यात दुपारी स्लॅबखालची खोली किती तापते आणि जुलैत भिंतींना कसा घाम फुटतो, हे तिथं मुक्काम करणाऱ्यालाच कळतं. धरणाच्या पायथ्याशी आणि राजमाचीच्या वाटेला लागून वसलेल्या, लोणावळ्यातल्याच तुंगार्लीत बंगल्यांच्या खिडक्यांमध्ये एसी दिसतात ते त्यामुळेच. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला, शनिवार-रविवारची घरं वाढली आणि त्यांच्यासोबत हे एसीही वाढले.

घरं शनिवार-रविवारची असली तरी पाऊस मात्र चार महिने मुक्कामाला असतो. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या लोणावळ्यात तो ४,००० च्या पुढे जातो. धुकं खिडकीच्या फटीतून खोलीत शिरतं, कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी धरते. एसीच्या माहितीपत्रकात मात्र सल्ला एकच: उन्हाळ्याआधी सर्व्हिसिंग करून घ्या. सपाटीवरच्या शहरांसाठी तो ठीक आहे. तुंगार्लीसाठी तो अपुरा आहे, आणि अपुऱ्या सल्ल्याची किंमत काय पडते हे तिथल्या एका कुटुंबाला चांगलंच कळलं.

दादरमध्ये आयुष्य काढलेलं हे निवृत्त जोडपं. उन्हाळाभर तुंगार्लीत राहून जूनच्या सुरुवातीला ते घर बंद करून निघालं. जाण्याआधी काकांनी झोपायच्या खोलीतला दीड टनी विंडो एसी आतून-बाहेरून जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळला आणि सुतळीनं आवळून बांधला. पाणी आत जाऊ नये हा हेतू, आणि हेतू चांगलाच होता. पण निघायच्या आदल्या रात्रीपर्यंत एसी चालू होता. आतली कॉइल ओली, खालच्या ट्रेमध्ये पाणी साठलेलं, आणि तो ओलावा प्लास्टिकच्या आत चार महिने कोंडून राहिला.

दसऱ्यानंतर काका-काकू मुलगा, सून आणि नातवासह परतले. एसी लावला तसा ओल्या गोणपाटासारखा वास खोलीभर पसरला. नातवाला मुळात दम्याचा त्रास. रात्री त्याचा खोकला थांबेना. सकाळी समोरची जाळी काढली तेव्हा कारण समोर आलं. फिल्टरवर धुळीचा करडा थर होता आणि त्यावर काळे ठिपके उगवले होते. आतल्या कॉइलच्या बारीक पत्र्यांमध्ये बुळबुळीत गाळ अडकला होता. ट्रेमधलं पाणी बाहेर जाण्याचं भोक याच गाळानं बुजलं होतं. एका कोपऱ्यात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं.

हे असं का होतं, ते समजून घेणं सोपं आहे. विलिस कॅरिअर या अमेरिकन अभियंत्यानं १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी पहिली आधुनिक वातानुकूलन यंत्रणा आखली ती माणसांना गारवा मिळावा म्हणून नव्हे. हवेतल्या दमटपणामुळे कागद फुगत-आक्रसत होता आणि रंगीत छपाईचे ठसे जुळत नव्हते. त्यासाठी हवेतलं पाणी काढायचं होतं. आजचाही प्रत्येक एसी गार कॉइलवर हवेतलं बाष्प धरून त्याचं पाणी करतो. म्हणजे यंत्र चालू असताना आतली कॉइल कायम ओली. त्यावर धूळ बसली आणि वारा बंद झाला की बुरशीला आणखी काही लागत नाही.

खरं नुकसान झालं ते यानंतर. घाईघाईत बोलावलेल्या कारागिरानं एसी जागेवरच ठेवून समोरून प्रेशर पंपानं पाण्याचा फवारा मारला. गाळ निघाला, पण कंट्रोलचा भाग झाकलेला नव्हता. पाणी इलेक्ट्रॉनिक बोर्डावर गेलं, आणि एसी लावताच बोर्ड जळाला. जोराच्या फवाऱ्यानं अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्या वाकून एकमेकींना चिकटल्या, म्हणजे हवेची वाट उलट अरुंद झाली. वर, ‘गॅस कमी झालाय, भरावा लागेल’ म्हणून त्याचेही पैसे घेतले गेले.

दुसरा मेकॅनिक आला तो गावातलाच, वयानं तरुण. त्यानं एसी खोलीत न उघडता दोघांच्या मदतीनं खाली उतरवून अंगणात नेला आणि म्हणाला, “काकू, गॅस काय पेट्रोल आहे का संपायला? नळीला भोक पडलं तरच जातो. आणि भोक न बुजवता भरला तर पुन्हा जाणारच.” त्याचं म्हणणं शब्दशः खरं आहे. एसीतला वायू बंद नळ्यांमधून फिरत राहतो, वापरानं तो घटत नाही. विंडो एसीत तर वायू भरायची नळी कारखान्यातच बहुधा दाबून, झाळून बंद केलेली असते. गळती कुठं आहे हे न दाखवता कुणी ‘टॉप-अप’ची भाषा करत असेल तर त्याला नम्रपणे थांबवावं. हल्लीच्या बऱ्याच एसींमधला आर-३२ हा वायू थोडाफार पेट घेणारा आहे, काहींमध्ये तर चक्क प्रोपेन असतो. बंद खोलीत नळी कापून तो सोडू देणं धोक्याचं आहे.

त्या मेकॅनिकनं बोर्ड बदलला, मऊ ब्रश आणि साध्या साबणाच्या पाण्यानं कॉइल वरून खाली, पत्र्यांच्या रेषेत धुतली, कंगव्यासारख्या अवजारानं वाकलेल्या पत्र्या सरळ केल्या आणि एसी उन्हात पूर्ण वाळू दिला. खिडकीत परत बसवताना बाहेरची बाजू किंचित खाली ठेवली. हा उतार फार महत्त्वाचा. तो नसेल तर पाणी घरातल्या भिंतीवर उतरतं. फार असेल तर पाणी मागं साचत नाही. आणि थोडं पाणी मागं साचायला हवं असतं, कारण बऱ्याच विंडो एसींत मागच्या पंख्याला एक कडं असतं, ते ट्रेमधलं पाणी उडवून तापलेल्या कॉइलवर मारतं आणि तिला थंड करतं. पावसाळ्यात येणारा तो ‘छपछप’ आवाज म्हणजे बिघाड नव्हे.

घरी काय करावं, याची मर्यादा नीट ओळखायला हवी. फिल्टर दर पंधरा दिवसांनी कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवणं हे कुणालाही जमतं, आणि निम्मं काम तेवढ्यानं होतं. फिल्टर तुंबला की कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही, तिच्यावर बर्फ धरतो आणि लोकांना वाटतं एसी फारच थंड करतोय. बर्फ दिसला तर तो टोकदार वस्तूनं खरवडू नये. एसी बंद करून वितळू द्यावा. समोरचं तोंड, जाळी, बाहेरच्या बाजूची कोळिष्टकं प्लग काढून पुसता येतात. कॉइलवर ब्लीच, आम्ल किंवा कॉस्टिक सोडा कधीच नको, अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं.

यापुढचं काम मेकॅनिकचं. कव्हराच्या आत कॅपॅसिटर असतो आणि प्लग काढल्यानंतरही त्यात वीज साठून राहू शकते. तिचा धक्का जीवघेणा ठरू शकतो. दीड टनी विंडो एसीचं वजन पन्नास किलोच्या आसपास, तो एकट्यानं खिडकीतून ओढणं म्हणजे पाठ आणि पाय दोन्ही पणाला लावणं. शिवाय यंत्राचं अंग पत्र्याचं, भोवती पाणी, हवा दमट. त्यामुळे तुंगार्लीतल्या घराला पक्कं अर्थिंग आणि वीजगळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. यात काटकसर करू नये. पावसात वीज सारखी जाते-येते, तेव्हा एसी लगेच लावू नये. कॉम्प्रेसरमधला दाब उतरायला निदान तीन मिनिटं द्यावीत.

घर बंद करून जाताना आदल्या दिवशी एसी नुसत्या पंख्यावर तासभर चालवावा, म्हणजे कॉइल सुकते. ट्रेचं भोक मोकळं आहे ना, बघावं. फिल्टर धुऊन, वाळवून, मगच परत घालावा. प्लास्टिक गुंडाळू नये. पावसाचा मारा थेट येत असेल तर वर पत्र्याचं छप्पर घालावं आणि बाजू मोकळ्या सोडाव्यात. किडे, पाली शिरू नयेत म्हणून बारीक जाळी लावता येते, पण मागच्या कॉइलची हवा अडेल इतकी घट्ट नको. बंगल्याची देखभाल करणारे मामा किंवा मावशी असतील तर पंधरवड्यातून एकदा खिडक्या उघडून एसी अर्धा तास पंख्यावर लावायला त्यांना सांगून ठेवावं. प्लग मात्र एरवी काढलेलाच हवा.

तुंगार्लीत, वलवणमध्ये किंवा खंडाळ्याच्या बाजूला घर असेल तर सर्व्हिसिंग मार्चात उरकू नका. मेच्या तिसऱ्या आठवड्यात एक आणि ऑक्टोबरमध्ये एक, अशा दोन वेळा ठरवा. मेकॅनिकला आधीच सांगा की एसी खाली उतरवूनच धुवायचा, बोर्ड झाकायचा किंवा काढून ठेवायचा, आणि गॅसबद्दल बोलायचं तर आधी गळती दाखवायची. घरात दम्याचं माणूस असेल तर ऑक्टोबरच्या धुण्याआधी त्याच्या खोलीतला एसी लावूच नका.